पडद्यामागचा अडकित्ता

आमच्या घरात बोलण्याचे काम पुरुष करीत आणि ठरवण्याचे काम अडकित्ता करी. घर मोठे नव्हते. पुढे सोपा, मागे माजघर आणि चूल, बाजूला गोठा, वर मंगलोरी कौले. सोपा आणि माजघर यांच्या मधल्या दारावर एक जाड पडदा होता. मूळचा तपकिरी, धुऊन धुऊन मातीच्या रंगाचा झालेला. त्या पडद्यामागे थोरल्या बाई पाटावर बसत. सारे गाव त्यांना थोरल्या बाईच म्हणे. त्या माझ्या थोरल्या चुलत्यांची विधवा. विधवेने विडा खाऊ नये म्हणून त्यांनी पान सोडले होते, सुपारी सोडली नव्हती. बांधाचा, वाटणीचा, सोयरिकीचा कोणी माणूस सोप्यावर आला, की घरातला कर्ता म्हणून लोखंडी खुर्चीवर मी बसे. आत अडकित्त्याचा आवाज सुरू असेपर्यंत मी होकार द्यायचा. आवाज थांबला की म्हणायचे, ‘विचार करून कळवतो.’ एवढेच माझे शिक्षण. येणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. ते तोंड माझ्याकडे आणि कान पडद्याकडे ठेवीत. ‘मग, शंकरराव काय म्हणत्यात?’ असे कोणी हसून विचारी, तेव्हा माझे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकतही नसत.

मी या खुर्चीवर कसा आलो ते सांगितले पाहिजे. जमीन चुलत्यांच्या नावावर होती आणि त्यांना मूल नव्हते. ते गेले तेव्हा घराला नाव हवे म्हणून थोरल्या बाईंनी आपल्या दिराचा धाकटा मुलगा दत्तक घेतला. तो मी. होम झाला, मला त्यांच्या मांडीवर बसवले, साखर वाटली. त्या संध्याकाळपासून थोरल्या बाईंना आई म्हणायचे आणि जिने जन्म दिला तिला काकी. घर बदलले नाही, चूल बदलली नाही. फक्त हाका बदलल्या. काकी त्याच चुलीपुढे बसून भाकरी थापीत राहिली. तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडे, कारण मी कर्ता. दुधावरची साय माझ्या वाटीत. दत्तूदादा, माझा सख्खा थोरला भाऊ आणि आता नात्याने चुलतभाऊ, माझ्या शेजारी बसून ताकात भाकरी कुस्करून खाई. त्याने कधी माझ्या वाटीकडे पाहिले नाही. मी त्याच्या वाटीकडे पाहत असे. साय मी शेवटी खाई. तरी मी ती त्याला दिली नाही, कारण थोरल्या बाई समोर असत. आज माझ्या पथ्यात साय बसत नाही. डॉक्टरांनी ती बंद केली तेव्हा मला वाईट वाटले नाही.

मॅट्रिकला मी नापास झालो आणि घरी बसलो. वाचनाची सवय तुटू नये म्हणून आमच्या गुरुजींनी शाळेच्या कपाटातले एक जाड पुस्तक दिले आणि घरी मोठ्याने वाच म्हणून बजावले. चीनमधल्या एका राजमातेचे ते चरित्र होते. गुरुजींनी ते विचार करून निवडले नसावे. कपाटात तेवढेच जाड होते. दुपारची जेवणे झाली की मी माजघरात भिंतीला टेकून वाचीत असे. थोरल्या बाई सुपारी कातरीत ऐकत, काकी चुलीपुढे उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापी आणि दत्तूदादा रानातून आलेला असला तर उंबऱ्यावर बसे. ती बाई राजवाड्यात आली तेव्हा अनेक राण्यांमधली एक होती, खालच्या पायरीची. पण राजाला मुलगा झाला तो तिच्यापासून. राजा अकाली मेला, पोर गादीवर बसले, आणि त्याच्या मागे पडदा लावून ही कारभार पाहू लागली. हे वाक्य मी वाचले आणि थांबलो.

‘पडदा कसला व्हता म्हणतोस?’ थोरल्या बाईंनी विचारले.

‘पिवळ्या रेशमाचा.’

त्यांनी आमच्या पडद्याकडे एकदा पाहिले. ‘रेशीम पातळ असतं. मागलं दिसतं. जाड कापड बरं.’

त्या दिवसापासून त्या राजमातेला आमच्या घरात जागा मिळाली. तिच्यापुढे जेवायला शंभर पदार्थ मांडत आणि ती त्यातले दोन-चार खाई, असे वाचले तेव्हा काकीने चुलीपासून विचारले, ‘मंग बाकीचं कुणी खाल्लं?’

‘लिहिलेले नाही.’

‘मंग काय लिवलंय त्यात?’ काकी म्हणाली आणि भाकरी उलटली.

राजमातेची नखे बोटाहून लांब होती आणि त्यांना सोन्याची टोपणे होती, हे ऐकून दत्तूदादा उंबऱ्यावरून म्हणाला, ‘आन गोठ्यातलं शेण कोण काढत व्हतं?’

‘राणीला शेण काढावं लागत न्हाई,’ थोरल्या बाई म्हणाल्या.

‘मंग ती राणी न्हवं. पावणी म्हना.’

थोरल्या बाई हसल्या. त्या हसल्याचे माझ्या आठवणीत फार प्रसंग नाहीत, म्हणून हा नोंदवतो.

पुढे राजमातेचा मुलगा ऐन तारुण्यात मेला. त्याला मूल नव्हते. तेव्हा तिने गादीसाठी आपल्या सख्ख्या बहिणीचा लहान मुलगा निवडला. झोपलेल्या पोराला पालखीत घालून राजवाड्यात आणले. त्याने तिला कोणत्या नात्याने हाक मारावी, तर बाप म्हणून. थोरल्या बाईंना यात काही नवल वाटले नाही. ‘बापाचं काम करती तर बापच की,’ त्या म्हणाल्या. पण अडकित्ता थांबला होता. माझे कान त्या आवाजाला इतके सरावलेले होते, की मी आपोआप वाचायचा थांबलो.

‘त्या भनीला इचारलं व्हतं का?’ काकीने विचारले. तिची पाठ आमच्याकडे होती.

मी पान उलटून पाहिले. ‘मुलाचा बाप रडून जमिनीवर पडला, असे आहे. आईचे काही लिहिलेले नाही.’

तव्यावर करपल्याचा वास आला. ‘शंकर, मिटव ते आता,’ थोरल्या बाई म्हणाल्या. ‘भाकरी गेली.’

ते पोर मोठे झाले. राजा म्हणून वयात आल्यावर राजमाता नगराबाहेरच्या बागेत राहायला गेली. पण काही ठरवायचे झाले की माणूस बागेतच पाठवावा लागे. मग एका उन्हाळ्यात त्या तरुण राजाने तिला न विचारता हुकूम काढायला सुरुवात केली. नव्या शाळा काढा, जुन्या परीक्षा मोडा, निरुपयोगी जागा रद्द करा. रोज नवा हुकूम. हे प्रकरण मी दुपारची वाट न पाहता एकट्याने गोठ्यात बसून वाचले आणि पुन्हा वाचले. दुपारी माजघरात तेच वाचताना माझा आवाज चढला असावा, कारण थोरल्या बाईंनी मान वर करून पाहिले.

‘पोर मोठं झालं की असंच करतं,’ त्या म्हणाल्या. ‘हुकूम काढला म्हंजी कारभार व्हत न्हाई.’

‘राजा तो होता, आई.’

‘त्याला राजा केलं कुणी?’

मी पान उलटले. पुढचे प्रकरण राजमाता बागेतून राजवाड्यात परत येते तिथून सुरू होत होते. मी तिथे खूण म्हणून सुपारीचे टरफल ठेवले.

त्याच दिवसांत आमच्या रस्त्याकडेच्या शेतात कंपनी आली. भोसरी आणि चिखली यांच्या मधला तो सगळा पट्टा तेव्हा हळूहळू शेतांचा कंपन्यांचा होत होता. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातला एक माणूस कंपनीत घेऊ, असे ठरले होते. एक घर, एक नाव. दत्तूदादासाठी राजगुरुनगरकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. त्याने तिला पाहिले होते आणि त्याच्या मनात दुसरे काही उरले नव्हते. पण मुलीच्या बापाने स्पष्ट सांगितले होते, की शेतावरचा मुलगा नको, कंपनीतला हवा. दत्तूदादा मला गोठ्यात भेटला. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

‘माझं नाव घेशील का?’

‘आई माझं घ्यायला सांगणार.’

‘ठावं हाय. म्हणून तर तुला इचारतोय. तिला इचारायचं असतं तर पडद्याला इचारलं असतं.’

‘मुलीचा बाप थांबणार नाही?’

‘पाडव्यापतोर सांगा म्हणलाय. न्हाईतर दुसरीकडं देतोय.’ मग तो हसला आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. ‘तू काय राव, गादीवरचा माणूस. तुला कोन बी पोरगी दील.’

थोरल्या बाईंनी सकाळीच सांगून ठेवले होते, ‘शंकर, तुझं नाव सांगायचं.’ कारण विचारायची पद्धत नव्हती. कंपनीचे साहेब ग्रामपंचायतीच्या कारकुनाला घेऊन आले. मी खुर्चीवर बसलो. तात्या, म्हणजे माझे जन्मदाते वडील, नेहमीप्रमाणे पायरीवर बसले. ते सोप्यावर कधी वर बसत नसत. दत्तूदादा अंगणात बैलांना पाणी दाखवण्याचे निमित्त करून उभा होता. चहा झाला. आत सुपारी कातरली जात होती, एका लयीत, अगदी निश्चिंत.

‘एकच नाव हं,’ साहेब म्हणाले. ‘नंतर बदल होणार नाही. घरातलं कोण?’

‘दत्तात्रय,’ मी म्हणालो. ‘माझा भाऊ.’

आवाज थांबला. तात्यांनी मान वर केली. कारकून पडद्याकडे पाहू लागला आणि मग माझ्याकडे. तो माझ्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलेही होते. मी ते गिळले. त्या सोप्यावर त्या शांततेचा अर्थ न कळणारा एकच माणूस होता, तो म्हणजे साहेब. त्यांनी नाव लिहून घेतले, वय विचारले आणि पायात बूट घातले.

त्यांच्या मागून सगळे उठले. त्या वेळी मला जे वाटले ते आनंदासारखे होते, आणि ते दत्तूदादासाठी नव्हते. नाव घेतले तेव्हा माझ्या मनात तो नव्हता, ती मुलगी नव्हती. मला फक्त ती शांतता हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा अडकित्ता थांबला आणि मी थांबलो नाही. गावात पुढे कितीतरी वर्षे लोक सांगत, की शंकररावांनी भावासाठी आपली नोकरी सोडली. मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

त्याच संध्याकाळी थोरल्या बाईंनी पडदा काढला. आरडाओरडा नाही, उपास नाही. दोन्ही टोकांची गाठ सोडली, पडदा झटकला, घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि अडकित्ता माझ्या हातात दिला. ‘आता तुमचं तुमी बघा, शंकरराव,’ त्या म्हणाल्या. त्या दिवसापर्यंत मी त्यांना तू होतो. जेवताना पहिली भाकरी मलाच पडली. पण त्या रात्री काकीने माझ्या ताटात गुळाचा एक खडा ठेवला आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. दार उघडे पडल्यामुळे सोप्यावरून चूल सरळ दिसू लागली होती. मला ते बरे वाटले नाही. लोक येत, बोलत, थांबत. मी उत्तर द्यायला तोंड उघडी आणि माझे कान आत जात. आत थोरल्या बाई डाळ निवडीत बसलेल्या असत. मी वळून पाहिले तर त्या म्हणत, ‘तुमी म्हनाल तसं.’ राजमातेचे पुस्तक मी गुरुजींना परत केले. पुढे काय झाले हे कोणी विचारले नाही.

दत्तूदादाचे लग्न झाले. मुलगी चांगली होती. तो सायकलवरून शिफ्टला जाई आणि परत येताना तिच्यासाठी कधी भेळ, कधी गजरा आणी. घरात घड्याळ आले, कारण आता वेळ कंपनीची होती. लग्नाला वर्ष होत आले होते. एका दुपारी त्याच्याबरोबरचा एक कामगार सायकल अंगणात टाकून धावत आत आला. तो काही सांगायच्या आधीच काकी उठून उभी राहिली होती. पत्रा दाबायच्या यंत्रात, प्रेसमध्ये, पत्रा अडकला होता. दत्तूदादा तो हाताने काढायला गेला आणि पाय पेडलवर राहिला. उजव्या हाताची चार बोटे गेली. अंगठा राहिला.

या पट्ट्यात अशी बोटे फार गेली. बसमध्ये दांडीला धरलेले हात पाहिले तर आजही ते कळते. आता चाकणच्या बसमध्ये जास्त. कोणी त्याकडे बघत नाही. मी बघतो.

दवाखान्यातून त्याला घरी आणले त्या दिवशी सोपा माणसांनी भरला होता. मी खुर्चीवर बसलो होतो, कारण दुसरीकडे कुठे बसावे हे मला कळत नव्हते. कोणी माझ्याशी बोलत नव्हते. दोष देणारेही कोणी नव्हते. दोष द्यायला निदान काही बोलावे लागते. तेव्हा थोरल्या बाई माजघरातून सरळ सोप्यावर आल्या. इतक्या पुरुषांसमोर त्या कधी आल्या नव्हत्या. माझ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, ‘शंकर, ऊठ. जेवून घे तू.’ मी उठलो. आत काकी दुधात भाकरी कुस्करीत होती आणि दत्तूदादाला एक एक घास भरवीत होती, कारण डाव्या हाताने जेवायला तो लाजत होता. थोरल्या बाईंनी पातेल्यातली साय काढली आणि त्याच्या वाटीत घातली. त्या दिवसापासून ती तिथेच जात राहिली. पहिली भाकरी मात्र काकीने मलाच वाढली, त्या दिवशीही. तिने ती दुसऱ्या कोणाला वाढली असती तर मला सोपे गेले असते.

कंपनीने दत्तूदादाला स्टोअरमध्ये ठेवून घेतले. मी परीक्षा पुन्हा दिली आणि महापालिकेत कारकून झालो. दोन्ही हातांनी टंकलेखन शिकलो. काकी गेली, तात्या गेले, जमीन गेली. रहाटणीच्या या फ्लॅटमध्ये थोरल्या बाई माझ्याजवळ राहिल्या, अगदी शेवटपर्यंत. दात गेल्यामुळे सुपारी सुटली होती, तरी अडकित्ता उशाशी लागे. शेवटच्या आजारात एका सकाळी त्यांनी एकदम विचारले, ‘ती चीनची बाई. बागेतनं परत आली, आन मंग?’

तो भाग मी पुढे ग्रंथालयातून पुस्तक आणून एकट्याने वाचला होता. मी सांगितले, ‘तिने राजाला कोंडले. तळ्याच्या मध्ये एक बेट होते, तिथे. राजा नावापुरता राहिला. शेवटी तो मेला आणि दुसऱ्याच दिवशी ती मेली.’

‘आन गादी?’

‘मरायच्या आधी तिने आणखी एक लहान मूल बसवले होते.’

त्यांनी उशाचा अडकित्ता जवळ ओढला. ‘मरताना बी पोरच बसीवलं,’ त्या म्हणाल्या. मग, ‘मी तुला कोंडलं न्हाई.’

‘नाही.’

‘कोंडायला पायजे व्हतं का?’

मी उलट विचारले. इतकी वर्षे हा प्रश्न मी बाळगून होतो. ‘आई, कंपनीला माझेच नाव सांग असे का म्हणाला होतात? तुम्हाला काही कळले होते का?’

‘मला काय कळनार? मशीन मी बघितलं बी न्हवतं.’ त्यांनी माझ्याकडे मान वळवली. ‘तू गादीचा. पयलं नाव तुझं. दुसरं काय असायचं त्यात.’

मला वाटत आले होते, की त्यांना काही दिसले असावे. दत्तूदादाची घाई, यंत्राचे जबडे, काहीतरी. त्यांना काही दिसले नव्हते. त्या पडद्यामागून नेहमीचा कारभार करीत होत्या आणि मी पडद्यापुढे राजा होऊन पाहत होतो. त्यांचा हुकूम चालला असता तर यंत्राखाली गेलेला हात माझा असता. माझा चालला. हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटे एकेक चाचपली आणि सोडून दिला.

त्यांचा अडकित्ता आता माझ्याकडे आहे. दत्तूदादा कुरुळीला थोरल्या मुलाकडे राहतो आणि दर रविवारी बसने माझ्याकडे येतो. त्याला सुपारीची सवय स्टोअरमध्ये लागली; स्वतःला कातरता येत नाही, म्हणून मी कातरून देतो. तो खिडकीपाशी बसतो आणि मुलांचे, नातवंडांचे सांगतो. एकाने स्वतःचे वर्कशॉप काढले आहे, नात पुण्याला शिकते. आणि बोलता बोलता, दर खेपेला नाही पण बहुतेक खेपेला, तो त्या दिवसावर येतो. ‘तू त्या दिशी माझं नाव घेतलंस म्हणून ही पोरं माणसात आली, शंकर. न्हाईतर मी काय, बैलामागंच.’ तो हे मनापासून म्हणतो. टोमणा मारणे त्याला कधी जमले नाही. माझा हात तिथे थांबतो. या आवाजाच्या थांबण्याचा अर्थ जाणणारे आता आम्ही दोघेच उरलो आहोत.

‘थांबलास का? चालू दे की,’ तो म्हणतो.

मी पुन्हा कातरू लागतो. सुपारी झाली की तो डावा तळहात पुढे करतो आणि मी त्यावर ठेवतो. उजवा हात शर्टाच्या खालच्या खिशात असतो, आल्यापासून जाईपर्यंत. त्याची सून मला एकदा सहज म्हणाली, की बाबा तो हात कोणापुढे झाकत नाहीत. लग्नातही नाही, देवळातही नाही. तुमच्याकडे यायला निघाले की तेवढा खालच्या खिशाचा शर्ट मागतात.